मुंबई–लंडन हवाई अंतर व उड्डाणकाल

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांच्यातील पृथ्वीच्या पृष्ठभागावरील सर्वांत कमी अंतर सुमारे ७,२०० किमी., म्हणजेच सुमारे ३,९०० सागरी मैल आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे हे अंतर बृहद्वृत्ताच्या (पृथ्वीचा मध्य हाच ज्याचा मध्य असतो, अशा पृष्ठभागावरील सर्वांत मोठ्या वर्तुळाच्या) कंसावर मोजतात. मर्केटर पद्धतीच्या (अक्षांश व रेखांश सरळ, काटकोनी रेषांनी दाखवणाऱ्या) सपाट नकाशावर पट्टी ठेवून या दोन शहरांना जोडणारी सरळ रेषा काढली, तर ती दिसायला जवळची असली तरी प्रत्यक्षात सुमारे २०० किमी. लांब पडते. बृहद्वृत्ताचा कंस सौराष्ट्र, कराची, बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण भाग, कॉकेशस, युक्रेन आणि जर्मनी यांवरून जातो व त्याचा मध्यबिंदू आर्मेनिया–जॉर्जिया सीमेच्या आसपास येतो.

या देशांची यादी पाहिली, की विमाने त्या कंसावरून का जाऊ शकत नाहीत हे लगेच ध्यानात येते. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २०१९ मध्ये काही महिने आपली हवाई हद्द बंद ठेवली होती आणि एप्रिल २०२५ मध्ये ती भारतीय विमानांना पुन्हा बंद केली. ही बंदी ब्रिटिश कंपन्यांना लागू नसल्याने, त्याच दोन शहरांमधील प्रवासात भारतीय विमानाला अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागतो, तर ब्रिटिश विमानाला तुलनेने जवळचा मार्ग मोकळा राहतो. म्हणून ‘हवाई अंतर’ आणि ‘उड्डाणमार्गाची लांबी’ या दोन संज्ञा वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे.

प्रवासी जेट विमानाचा वेग स्थिर हवेत ताशी सुमारे ९०० किमी. असतो, केवळ भागाकार केला तर आठ तास येतात. प्रत्यक्षात मुंबईहून लंडनला साधारणपणे साडेनऊ तासांच्या आसपास, आणि वळशाचा मार्ग असल्यास त्याहून अधिक वेळ लागतो. परतीचा प्रवास बहुधा कमी वेळात होतो, कारण सुमारे ९ ते १२ किमी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह (अतिवेगवान वारे) लंडनकडे जाताना समोरून येतात आणि मुंबईकडे येताना पाठीशी असतात. हिवाळ्यात ते विशेष प्रबळ होतात. त्यांचा वेग कधीकधी ताशी २०० किमी.च्या पुढे जातो. वेळापत्रकात छापलेला कालावधी विमान फलाटावरून हलल्यापासून पुन्हा फलाटाला लागेपर्यंतचा असल्याने धावपट्टीपर्यंतची वाटचाल आणि उतरण्यापूर्वीच्या घिरट्याही त्यात धरलेल्या असतात. हीथ्रोसारख्या गजबजलेल्या विमानतळावर ही वेळ नगण्य नसते.

एअर-इंडिया इंटरनॅशनलच्या ‘मलबार प्रिन्सेस’ या लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानाने ८ जून १९४८ रोजी मुंबईहून या मार्गावरील कंपनीचे पहिले उड्डाण केले, तेव्हा कैरो आणि जिनीव्हा येथे थांबे घ्यावे लागले होते. सुएझमार्गे बोटीने लागणाऱ्या आठवड्यांच्या तुलनेत तो प्रवास विलक्षण वेगवान होता. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट विमाने आल्यावर उड्डाणकाल आणखी घटला.

घड्याळातील वेळ ही याहून निराळी बाब आहे. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. मात्र मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनमध्ये घड्याळे एक तास पुढे असल्याने हा फरक साडेचार तासांवर येतो. मुंबईहून पहाटे दोनला निघून साडेनऊ तास उडणारे विमान त्यामुळे लंडनला हिवाळ्यात सकाळी सहाला, तर उन्हाळ्यात सातला पोहोचते.