गावठाण

गावठाण : गावाच्या हद्दीत घरे बांधून राहण्यासाठी राखलेली जागा. ‘मौजे’ या महसुली एककात शेतजमीन, गायरान, ओढे, वाटा, मसणवट अशा सर्व प्रकारच्या जमिनी येतात आणि त्या सर्वांभोवती गावाची शीव असते. गावठाण हा त्यातला क्षेत्राने लहान, पण माणसांनी गजबजलेला तुकडा होय. बोलीत आणि जुन्या कागदपत्रांत त्याला ‘पांढरी’ म्हणतात व लागवडीच्या जमिनीला ‘काळी’. मानवी भूगोलात वसाहतीचे ‘स्थान’, म्हणजे ती ज्या भूमीवर उभी आहे ती जागा, आणि तिची ‘स्थिती’, म्हणजे आसपासच्या प्रदेशाशी, वाटांशी व बाजारांशी असलेले तिचे नाते, या दोन संकल्पना वेगळ्या मानल्या जातात. काळी-पांढरी या जोडीत स्थानाची संकल्पना पाठ्यपुस्तके लिहिली जाण्याच्या पुष्कळ आधीपासून मराठी भाषेत मुरलेली आहे.

शब्दाची व्युत्पत्ती सरळ आहे. संस्कृत ‘ग्रामस्थान’ यातील ‘स्थान’चे प्राकृतात ‘ठाण’ झाले; ठाणे, ठाण मांडणे, ठाणबंद जनावरे हे शब्द त्याच घराण्यातले. खरा वाद पूर्वपदाविषयी आहे. वैदिक वाङ्मयातील ‘ग्राम’ म्हणजे स्थिर खेडे नसून गाड्या-गुरांसह फिरणारा जथा होता, असे काही वेदाभ्यासकांचे मत आहे. शतपथ ब्राह्मणातील शर्यात मानव, म्हणजे मनूच्या वंशातील शर्यात, आपल्या ‘ग्रामा’सह संचार करतो, हा त्यांचा एक मुख्य आधार. हे मत मान्य केल्यास ‘ग्राम’ या शब्दाला ‘स्थान’ जोडण्याची गरज का पडली असावी याचे एक सुबक उत्तर मिळते. मात्र मराठी समास त्या काळानंतर फार उशिरा रूढ झाला असल्याने हे उत्तर सुबक असण्यापलीकडे त्याला फारसे वजन देता येत नाही. ‘पांढरी’ आणि पंढरपूरची ‘पंढरी’ यांचा संबंध जोडण्याचा मोहही होतो. ध्वनिसाम्य सोडल्यास त्याला भक्कम आधार नाही.

वस्तीच्या जागेला पांढरी का म्हणतात, या प्रश्नाची दोन उत्तरे दिली जातात. पहिल्या मतानुसार हा निवडीचा परिणाम आहे. दख्खनच्या पठारावरील काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. तिच्यावर मातीच्या भिंती टिकत नाहीत. शिवाय ती पिकाऊ असल्याने घरांखाली घालवणे परवडत नाही. म्हणून पूर्वजांनी चुनखडीयुक्त, फिकट, नापीक उंचवटे वस्तीसाठी निवडले व काळी पेरणीसाठी सोडली, असे हे मत सांगते. दुसऱ्या मतानुसार पांढरा रंग वस्तीच्या आधीचा नसून वस्तीने निर्माण केलेला आहे. चुलीची राख, शेणसडा, गुरांचे मलमूत्र, हाडे, भुसा आणि पावसात विरघळून पडलेल्या मातीच्या भिंती यांचे थर शतकानुशतके एकावर एक साचत गेले, त्यांतील चुन्याच्या व राखेच्या अंशामुळे माती भुरकट-पांढरी झाली आणि वस्तीची जागा भोवतालच्या रानापेक्षा दोन-चार पुरुष उंच झाली.

दोन्ही कारणे एकाच ठिकाणी लागू पडू शकतात. तरीही दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण तापीच्या खोऱ्यासारख्या, मैलोगणती खोल काळी माती पसरलेल्या प्रदेशातही जुन्या गावांखालची टेकाडे पांढरीच असतात. तेथे फिकट उंचवटे निवडायला मुळात फारसे नव्हतेच. गावठाणात आड किंवा पाया खणताना निघणारा काप पाहिला तरी हेच दिसते. वरच्या दोन-तीन हातांत विटांचे तुकडे आणि कौलारांचा चुरा, त्याखाली राखेचे करडे पट्टे, खापऱ्या, जळके धान्य, मध्येच सारवलेल्या जमिनीची बोटभर जाडीची रेघ, आणि सर्वांत खाली कोठेतरी अचानक मूळची काळी माती किंवा मुरूम.

पुरातत्त्वज्ञ याच रंगाच्या खुणेवर गावे शोधत आले आहेत. प्रवरेकाठचे जोर्वे येथे १९५०–५१ मध्ये आणि नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात उत्खनने झाली. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे सुमारे पंधरा वर्षे केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी यांच्या देखरेखीखालील या कामात ताम्रपाषाणयुगीन वस्तीतील शंभराहून अधिक घरांचे अवशेष, धान्याची बळदे, पुराचे पाणी वळवण्यासाठी काढलेला पाट व बांध, आणि घराच्या जमिनीखालीच पुरलेले मृत असे पुष्कळ काही मिळाले. वस्तीचा काळ साधारणतः इ. स. पू. १६०० ते ७०० असा मानला जातो; दोन्ही टोकांच्या तारखांत काही दशकांचा फरक गृहीत धरणे बरे. वस्ती उठण्यामागे वाढते अवर्षण असावे, असे ढवळीकरांचे प्रतिपादन आहे. मात्र या ताम्रपाषाणयुगीन वसाहती आणि आजची गावठाणे यांच्यात अखंड परंपरा सांगता येत नाही. अनेक ठिकाणी जुनी पांढरी ओस आहे आणि चालू गाव तिच्यापासून काही अंतरावर आहे.

ओस पडलेल्या गावांना महसुली परिभाषेत ‘बेचिराग’, म्हणजे जेथे दिवा लागत नाही असे, म्हणत. आज उद्ध्वस्त या अर्थाने वापरला जाणारा ‘बेचिराख’ हा त्याच फार्सी शब्दाचा मराठी अवतार असून, ‘राख’शी त्याचा संबंध लोकांनी मागाहून जोडला. विदर्भात अशा गावाला ‘रीठ’ म्हणतात. दिवा विझला तरी मौजे दप्तरात जिवंत राहते, त्याला शीव आणि गट क्रमांक असतात. फक्त गावठाणात कोणी नसते.

पांढरीची माती ही स्वतः एक उपयुक्त वस्तू होती, ही बाब संदर्भग्रंथांत सहसा ओझरती येते. मराठवाडा, सोलापूर, खानदेश या कमी पावसाच्या भागांत घरांवर उतरते छप्पर नसून सपाट माळवद (खानदेशात धाबे) असे. लाकडी तुळया व त्यांवरील फळ्या-काटक्यांवर पांढऱ्या मातीचा थर ठोकून बसवत. ही माती काळीसारखी भेगाळत नसल्याने गळती कमी होई. ती पडक्या गढीतून किंवा जुन्या टेकाडातून पाट्यांनी आणली जाई, आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी भर पडे. जुनी भर काढण्याची पद्धत मात्र नव्हती. खत म्हणून शेतात टाकण्यासाठी आणि वीटभट्ट्यांसाठीही पांढरी उकरली गेली. महाराष्ट्रातील अनेक प्राचीन टेकाडे अशी पाटीपाटीने नाहीशी झाली आहेत.

या बांधणीचा दुसरा चेहरा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दिसला. किल्लारीच्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे मरण पावली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम होती. माणसे मेली ती प्रामुख्याने मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती आणि वर्षानुवर्षे भर पडून हातभर जाड झालेली माळवदे अंगावर कोसळल्याने. त्यानंतर ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी हलवण्यात आली. नवी गावे सरळ रस्त्यांच्या चौकटीत, घराघरांत अंतर ठेवून आखली गेली, त्यामुळे त्यांचे क्षेत्र जुन्या गावठाणाच्या अनेक पट झाले. सुरक्षितता वाढली, परंतु गल्ल्या, आळ्या आणि भावकीची लागून असलेली घरे ही जुनी वीण या आखणीत टिकली नाही, अशी टीका पुनर्वसनाच्या अभ्यासकांनी केली आहे. जुनी ठिकाणे आज झुडपांत बुडाली असली, तरी गावकऱ्यांच्या बोलण्यात ‘गाव’ म्हणजे बहुधा तीच.

पठारावरील जुन्या गावठाणाची अंतर्रचना परिचित आहे : गावकूस, वेस, मारुतीचे देऊळ, चावडी, पार, मध्यभागी वतनदारांचे वाडे, भोवती जातवार आळ्या. गावकुसाबाहेर अस्पृश्य मानलेल्या जातींच्या वस्त्या असत. महारवाडा पुष्कळ गावांत पूर्वेला आढळतो. प्रचलित वारा पश्चिमेचा असल्याने वस्तीवरून आलेला वारा गावात शिरू नये हा हेतू त्यामागे होता, असे स्पष्टीकरण दिले जाते. काही गावांत दिशेपेक्षा नदीच्या प्रवाहाची खालची बाजू पाळलेली दिसते. दोन्ही स्पष्टीकरणांत तत्त्व एकच आहे : वारा आणि पाणी आधी कोणाकडे पोचावे हे जातीने ठरवले होते. ‘पांढरी’ हा शब्द समस्त गावकरी या अर्थानेही वापरला जातो. त्या ‘समस्तां’त गावकुसाबाहेरचे कितपत धरले जात, हे प्रसंगानुसार बदले.

पांढरीला करविषयक अर्थही होता. काळीवर शेतसारा, तर पांढरीवर घरे, दुकाने, माग, घाणे यांवरचे कर. नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात बिगरशेती लोकांवरील कराचे नावच ‘पांढरी’ होते. इंग्रजांनी मध्य प्रांतात तो चालू ठेवून १८६७ साली त्याविषयी कायदाही केला.

वसाहतींच्या आकृतिबंधांचा शास्त्रशुद्ध अभ्यास जर्मन विद्वान आउगुस्ट माइट्सेन यांच्या १८९५ मधील ग्रंथापासून सुरू झाला असे सामान्यतः मानतात. त्या परिभाषेत देशावरील गावठाण ही केंद्रित वसाहत होय. कोकणात घर ज्याच्या त्याच्या आगरात किंवा परड्यात असते आणि गाव वाड्यांमध्ये विखुरलेले असते. गोव्यातील वाड्यांची रचनाही त्याच धाटणीची. पालघर-नंदुरबारकडील पाडे, गोंदियाकडील टोले आणि बंजाऱ्यांचे तांडे हे आणखी वेगळे प्रकार. देशावरही पाटाचे पाणी, विहिरीवरचा पंप आणि ऊस आल्यावर शेतकरी पांढरी सोडून मळ्यात राहू लागले, आणि ‘वस्ती’ हा शब्द शेतातल्या अशा एकट्या घरासाठी किंवा चार घरांसाठी रूढ झाला. अन्य प्रांतांत गावठाणाला समांतर संज्ञा आहेत : गुजरातेत गामतळ, उत्तरेत आबादी, दिल्लीकडे लाल डोरा, तेलुगू मुलखात ग्रामकंठम्, तमिळनाडूत नत्तम्. कर्नाटकात ‘ग्रामठाण’ हे सख्खे नाव चालते.

गावठाणाचे आजचे कायदेशीर रूप मात्र मोजणीतून आलेले आहे, किंबहुना मोजणी न झाल्यातून. गोल्डस्मिड व विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात घालून दिलेल्या पद्धतीचा हेतू सारा ठरवणे हा होता. सारा काळीवर, म्हणून काळीचे नंबर पाडून बांधन् बांध मोजला. पांढरीची केवळ बाहेरची हद्द दाखवली. त्यामुळे जुन्या गावनकाशात शेते बारीक आकड्यांनी भरलेली दिसतात आणि जेथे हजार माणसे राहतात ती जागा कोरी असते. सातबारा शेताला मिळाला, घराला नाही. घराचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही, ‘नमुना आठ’. पण ती करदात्याची नोंद आहे, मालकीची नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये गावठाणाची व्याख्या कलम २ मध्ये असून कलम १२२ नुसार त्याची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकारी किंवा भूमापन अधिकाऱ्याला आहे. मोठ्या गावांच्या गावठाणांचे नगर भूमापन होऊन तेथे मिळकत पत्रिका आल्या. लहान गावे वाट पाहत राहिली.

शहरांनी गिळलेली गावठाणे हा वेगळा विषय आहे. पुण्यात एरंडवणे, कोथरूड यांची जुनी गावठाणे रुंद रस्त्यांआड अरुंद बोळांनी ओळखू येतात. मुंबईत वांद्र्याचे रानवार किंवा गिरगावातली खोताची वाडी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातील मूळच्या मराठीभाषक ख्रिस्ती, समाजाच्या घरांमुळे परिचित आहे. नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घेताना शेते संपादित झाली आणि गावठाणे मागे राहिली. शेती गेलेल्या कुटुंबांनी गावठाणाच्या कडेला वाढवलेली घरे नियमित की अनधिकृत, हा वाद तेथे अजून मिटलेला नाही.

पांढरी घरनिहाय मोजण्याचे काम महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथील प्रायोगिक ड्रोन मोजणीपासून सुरू झाले आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाल्यावर त्याला वेग आला. भारतीय सर्वेक्षण विभागाचे ड्रोन उडण्यापूर्वी ग्रामपंचायत, भूमी अभिलेख खात्याचे कर्मचारी व घरमालक मिळून प्रत्येक मिळकतीभोवती चुन्याची फक्की मारतात. वरून घेतलेल्या छायाचित्रात ही रेघ आणि छपरे दिसतात. पाख्यांखाली झाकलेली भिंत, दोन घरांत सामाईक असलेला बोळ, सांडपाण्याची मोरी कोणाच्या बाजूने वाहते, हे दिसत नाही. म्हणून नकाशाचा कच्चा मसुदा घेऊन कर्मचारी पुन्हा गावात येतात, शेजाऱ्यांसमक्ष चौकशी होते, आणि हरकती निकालात निघाल्यावरच सनद व मिळकत पत्रिका दिली जाते.