चिनी चांदीची जुनी नाणी : संग्रह, पारख आणि मूल्य

चीनमध्ये १८८९ ते १९४९ या काळात यंत्रावर पाडलेली चांदीची नाणी, त्यांच्याआधी चालणाऱ्या चांदीच्या लगडी आणि चीनच्या व्यापारात फिरलेले परदेशी डॉलर, अशा तीन गोष्टी संग्राहक 'चिनी चांदी' या एकाच नावाखाली जमवतात. तिन्हींना बांधणारे सूत्र एकच आहे. चीनमध्ये चांदी आधी वजन होती, नाणे पुष्कळ उशिरा झाली. हे ध्यानात घेतले की या नाण्यांवरचे आकडे, ओरखडे आणि ठसे आपोआप वाचता येऊ लागतात.

तिबेटसारखे सीमाभाग सोडले, तर चिनी सम्राटांच्या टांकसाळी शतकानुशतके मधोमध चौकोनी भोक असलेली तांब्या-पितळेची नाणीच काढत. मोठ्या व्यवहाराला चांदी लागे आणि ती तोलून घेतली जाई. वजनाचे माप 'ल्यांग'. परदेशी व्यापारी त्याला 'टेल' म्हणत. सरकारी खजिन्याचा ल्यांग सुमारे ३७.३ ग्रॅमचा, सागरी जकातीचा ३७.७ च्या आसपास आणि प्रत्येक मोठ्या शहराचा आणखी वेगळा. खासगी भट्टीवाले होडीच्या आकाराच्या लगडी ओतत. त्यांना 'युआनबाव' म्हणतात. पन्नास ल्यांगांची मोठी लगड पावणेदोन किलोहून अधिक भरते. तिच्यावर भट्टीवाल्याचे नाव, गाव आणि कधी कधी वर्ष ठोकलेले असते. हे ठसे म्हणजे कसाची हमी होती आणि आज लगडीची किंमत मुख्यतः त्यांच्यावरच ठरते.

याच बाजारात मनिलामार्गे मेक्सिको आणि पेरूची चांदी आली. स्पेनच्या राजांचे मुखवटे असलेले 'आठ रिआल' नावाचे चांदीचे डॉलर कँटन या दक्षिण चीनच्या बंदरात लाखोंनी उतरले आणि मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर त्यांची जागा गरुडाच्या डॉलरने घेतली. चिनी सराफ हे डॉलर तपासून त्यावर आपली बारीक खूण ठोके. या खुणेला इंग्रजीत 'चॉप' म्हणतात आणि तो शब्द आपल्या 'छाप'वरून गेला. नाणी पारखणाऱ्याला कँटन-हाँगकाँगमध्ये 'श्रॉफ' म्हणत, तो तर सरळ आपला सराफच. हाँगकाँगमध्ये वाहनतळाच्या पैसे भरायच्या खिडकीवर आजही 'श्रॉफ' अशी पाटी असते. पुष्कळ हात बदललेल्या डॉलरवर इतक्या छापा बसत की मूळ मुखवटा दिसेनासा होई. पूर्वी असे नाणे संग्राहक बाजूला टाकत. आता छाप मारलेल्या नाण्यांचा स्वतंत्र संग्रह करणारे लोक आहेत, आणि माझ्या मते तेच या विषयाच्या सर्वांत जवळ पोचले आहेत.

स्वतःचा यंत्रावरचा डॉलर काढण्याचा खरा आरंभ कँटनला झाला. ग्वांगडोंगचे व्हाइसरॉय झांग झिदोंग यांनी बर्मिंगहॅमच्या राल्फ हीटन कंपनीकडून यंत्रे आणवली आणि १८८९ मध्ये टांकसाळ सुरू केली. एका बाजूला सम्राट ग्वांगशूचे नाव, दुसऱ्या बाजूला ढगांतला ड्रॅगन. पहिला नमुना ७ मेस ३ कँडरीन वजनाचा होता (मेस म्हणजे ल्यांगाचा दहावा भाग, कँडरीन म्हणजे शंभरावा), म्हणजे मेक्सिकन डॉलरहून किंचित जड. पण जड नाणे लोक दडवून ठेवतात आणि हलके चालवतात, हे कोणत्याही सराफी पेढीवर ठाऊक असलेले सत्य आहे. लवकरच वजन ७ मेस २ कँडरीनवर, म्हणजे सुमारे २६.८ ग्रॅमवर आणले गेले. पहिल्या नमुन्यावर इंग्रजी मजकूर चिनी अक्षरांभोवती होता, तो पुढे ड्रॅगनच्या बाजूला गेला. ७.३ वजनाचे नाणे म्हणूनच संग्राहकांना फार मोलाचे वाटते, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर निघतात.

त्यानंतर हुबेई, तिआंजिनची बेइयांग टांकसाळ, नानजिंगची ज्यांगनान, आन्हुई, फेंगत्यान, जिलिन, सिचुआन, युनान अशा प्रांतोप्रांतीच्या टांकसाळी उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीचा ड्रॅगन निराळा. ज्यांगनानच्या नाण्यांवर वर्ष आकड्यांत नसून साठ वर्षांच्या चक्रातल्या नावाने येते. पंचांगातले प्रभव, विभव हे साठ संवत्सर ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ही पद्धत परकी वाटू नये. 'कंगत्झ' म्हणजे १९००, 'शिनचौ' म्हणजे १९०१. राजवटीच्या शेवटी, १९११ मध्ये, तिआंजिनच्या मध्यवर्ती टांकसाळीत सर्व देशासाठी एकच ड्रॅगन डॉलर काढण्याचे काम चालू होते. त्यासाठी इटालियन खोदकार लुइजी जॉर्जी यांनी केलेले लांब मिशांच्या ड्रॅगनसारखे नमुने आज लिलावांतले मानकरी आहेत.

प्रजासत्ताकाच्या काळात १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष युआन शिकाईचा मुखवटा असलेला डॉलर आला. लोकांनी त्याला 'युआन दातौ', म्हणजे 'युआनचे मोठे डोके', असे नाव दिले. हा चिनी चांदीतला सर्वांत सहज मिळणारा डॉलर. त्यावर प्रजासत्ताकाची ३, ८, ९ आणि १० ही वर्षे येतात, म्हणजे १९१४, १९१९, १९२० आणि १९२१. तिसऱ्या वर्षाच्या नाण्यावर मुखवट्याच्या वर सहा अक्षरे असतात आणि बाकीच्या तिन्हींवर शेवटी 'बनवले' या अर्थाचे सातवे अक्षर असते. सातव्या अक्षरासह तिसरे वर्ष कोणी दाखवले, तर जागीच थांबावे. मात्र १९१४ हे वर्ष पाहून नाणे त्याच साली पाडले असे समजू नये. हा ठसा पुढेही वापरात राहिला. कम्युनिस्ट सरकारनेही १९५० च्या दशकात तिबेटात चालवण्यासाठी तो पुन्हा काढला, कारण तिथे कागदी नोटेवर कोणाचा विश्वास नव्हता.

ग्वेइजोऊ प्रांताच्या १९२८ च्या डॉलरवर चक्क मोटारगाडी आहे. प्रांताचे प्रमुख झोऊ शीचेंग यांची ती गाडी, आणि गाडीखालच्या गवताच्या पात्यांत त्यांच्या नावाची अक्षरे लपवली आहेत असे मानले जाते. १९३२ च्या शिडाच्या होडीच्या डॉलरवर होडीच्या वर तीन पक्षी आणि क्षितिजावर सूर्य होता. मांचुरियावर जपानने ताबा मिळवल्यानंतरचे ते दिवस. लोकांना पक्ष्यांत विमाने आणि सूर्यात जपान दिसू लागला. नाणे मागे घेऊन पुढच्या वर्षी पक्षी व सूर्य दोन्ही काढून टाकले गेले. १९३३ मध्ये ल्यांगात हिशेब ठेवणे बंद झाले. अमेरिकेच्या १९३४ च्या चांदी खरेदी कायद्याने चांदीचे भाव चढवले, चीनमधली चांदी बाहेर वाहू लागली आणि नोव्हेंबर १९३५ मध्ये चीनने चांदीचे चलनच सोडले.

या कथेत मुंबईचा वाटा थेट आहे. हाँगकाँग आणि मलायाच्या व्यापारासाठी ब्रिटिशांनी १८९५ पासून १९३५ पर्यंत जो 'ट्रेड डॉलर' काढला, त्याचा फार मोठा भाग मुंबईच्या टांकसाळीत पडला. एका बाजूला उभी ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेली स्त्री, हातात त्रिशूळ आणि ढाल, मागे जहाज. दुसऱ्या बाजूला दीर्घायुष्याचे चिनी अक्षर आणि चिनी व मलायी भाषांत 'एक डॉलर'. त्रिशूळाच्या मधल्या टोकावर बारीक 'बी' हे अक्षर दिसले तर नाणे मुंबईचे. चिनी लोक त्याला 'उभा परदेशी' म्हणत. उलट दिशेची गोष्ट म्हणजे सिचुआनचा रुपया. तिबेटात आणि पूर्वेकडच्या खाम प्रदेशात हिंदुस्थानी रुपया पसरला होता. त्याला हटवण्यासाठी सिचुआन सरकारने विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच मापाचा रुपया काढला आणि व्हिक्टोरियाच्या जागी सम्राट ग्वांगशूचे अर्धचित्र बसवले. वजन आपल्या तोळ्याच्या जवळपास. नंतरच्या वर्षांचे रुपये हिणकस होत गेले. मराठी संग्राहकाने चिनी चांदीला हात घालायचा, तर या दोन नाण्यांपासून सुरुवात करावी. त्यांची मापे आणि घडण आपल्या ओळखीची आहे.

पारख हा या संग्रहाचा गाभा आहे, कारण बाजारात नकली नाणी खऱ्यांपेक्षा सहज मिळतात. पहिला साक्षीदार काटा. डॉलर साधारण २६.७ ते २६.९ ग्रॅम भरावा आणि व्यास ३९ मिलिमीटरच्या आसपास असावा. झीज झाली असेल तर वजन थोडे उतरेल, पण तेवढी झीज नाण्याच्या उंचवट्यांवरही दिसली पाहिजे. चकचकीत नाणे आणि २५ ग्रॅम वजन हे गणित जुळत नाही. वजन बरोबर आले तरी काम संपत नाही. नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात लोंबकळते ठेवून पुन्हा तोलावे. नव्वद टक्के चांदीची घनता १०.३ च्या जवळ असते, त्यामुळे २६.८ ग्रॅमचा डॉलर पाण्यात सुमारे २.६ ग्रॅमने हलका होतो. तांब्यावर मुलामा असेल तर ३ ग्रॅम, पितळेवर असेल तर आणखी जास्त. घरच्या वजनकाट्यावर करता येणारी ही परीक्षा पुष्कळ फसवणुकी उघड करते, आणि तरी बहुतेक लोक ती करत नाहीत. लोहचुंबक चांदीला ओढत नाही. ओढले तर पुढे पाहण्याची गरजच नाही.

आवाजाची परीक्षा चीनमध्ये घरोघरी होती. नाणे मधोमध नखांच्या टोकांत हलके धरायचे, कडेवर जोराने फुंकर मारायची आणि लगेच कानाशी न्यायचे. खऱ्या नाण्याचा बारीक, लांबणारा नाद ऐकू येतो. आपण 'खणखणीत' म्हणतो तो हाच गुण. तडा गेलेले खरे नाणेही बद्द वाजते आणि चांदीच्याच नकली नाण्याचा नाद चांगला येऊ शकतो, म्हणून केवळ कानावर निर्णय देऊ नये.

मग भिंग. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा मऊ असतात, सपाट भागावर बारीक फोड किंवा खड्डे दिसतात आणि कडेला जोड घासल्याची खूण राहते. ठसा मारून केलेली नक्कल अवघड असते. तिथे ओळखीच्या खऱ्या नाण्याशेजारी ठेवून ड्रॅगनचे खवले, युआनच्या मिशीचे केस, कडेचे दाते एकेक मोजावे. दोन वेगवेगळ्या नाण्यांवर नेमक्या एकाच जागी एकच ओरखडा असेल, तर दोन्ही एका नकली ठशाची लेकरे आहेत. जुन्या काळचे भामटे खरा डॉलर कोरून आतली चांदी काढत आणि आत शिसे-तांबे भरत. असे नाणे वरून अस्सल दिसते, काटा आणि पाणी मात्र ते बहुधा पकडतात. नकली छापाही मारल्या जातात. जुन्या छापेच्या खाचेत मळ आणि काळेपणा मुरलेला असतो, ताज्या खाचेत उघडी चांदी चमकते.

महागडे नाणे घेताना पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून प्रत ठरवणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीत प्रत लावून मिळालेलेच घ्यावे. प्रतीचे गुण १ ते ७० असतात. पण डब्यांच्याही नकला होतात, म्हणून डबीवरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहावा.

किमतीचा तळ चांदीचा भाव ठरवतो. युआन दातौत ८९ टक्के कसाने साधारण २३.९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. त्यावरची किंमत टांकसाळ, वर्ष, ठशाचा उपप्रकार, झीज आणि मागणी ठरवते. कडेच्या दात्यांत किंवा एका अक्षराच्या फाट्यात फरक पडला की तेच नाणे अनेक पट महाग होते. या उपप्रकारांची भाषा शांघायमध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्या एडवर्ड कान यांच्या यादीने घडवली आणि लिलावांत आजही 'कान क्रमांक' लिहिला जातो. मालकीचा जुना इतिहास सिद्ध करता आला तर भाव चढतो. घासून उजळवलेल्या नाण्याचा भाव मात्र धाडकन पडतो. देवघरातली चांदी आपण रांगोळीने किंवा टूथपेस्टने लख्ख करतो. नाण्याला असे कधीही करू नये. वर्षांनी चढलेला निळसर-करडा पुट हाच त्याचा दाखला असतो. पीव्हीसीची मऊ पाकिटे टाळावीत, त्यातून हिरवट चिकट थर चढतो. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि रबरबँड जवळही आणू नये, कारण त्यातले गंधक चांदी काळी करते.

चीनमधून १९११ पूर्वीच्या वस्तू बाहेर नेण्यास बंदी आहे. भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावस्तू ठरते आणि ते देशाबाहेर नेण्याचा अधिकार खासगी माणसाला नाही. १९१४ चा युआन दातौ ही मर्यादा ओलांडून गेला आहे. १९३४ च्या होडीच्या डॉलरला अजून थोडी वर्षे बाकी आहेत.