हार्लेक्विन लेडीबर्ड

ढालकिड्यांच्या कुलातील (कॉक्सिनेलिडी) एक छोटा भुंगेरा. शास्त्रीय नाव हार्मोनिया ॲक्सिरिडिस. मूळचा चीन, जपान, कोरिया, मंगोलिया व सायबेरिया या भागांतला. मावा आणि खवले कीड या झाडांचा रस शोषणाऱ्या किडी फस्त करणारा मित्रकीटक म्हणून माणसाने तो मुद्दाम इतर खंडांत नेला.

लांबी ५ ते ८ मिमी. रंगावरून ओळखायला गेल्यास हमखास फसगत होते : कोणी पिवळट, कोणी नारिंगी, कोणी लाल ठिपक्यांचा काळा, ठिपके कधी वीसच्या आसपास, कधी एकही नाही. फिकट रंगाच्या किड्यांत डोक्यामागच्या पांढऱ्या ढालीवर बहुधा इंग्रजी ‘एम’सारखी काळी खूण असते. अळी काळी, काटेरी, कडेला नारिंगी पट्टे असलेली. उबदार हवेत अंड्यापासून प्रौढ व्हायला साधारण महिना पुरतो.

अमेरिकेत त्याला १९१६ पासून अनेकदा सोडले गेले, पण रानात टिकलेली वस्ती १९८८ मध्ये लुइझियानात सापडली. युरोपात तो हरितगृहांसाठी विकला जाई. ब्रिटनने मात्र तो कधी मागवला नव्हता. २००४ मध्ये तो तिथे आपणहून पोहोचला.

ज्या खादाडपणासाठी त्याला नेले, तोच पुढे नडला. मावा संपला की तो इतर ढालकिड्यांची अंडी व अळ्या खातो. त्याच्या रक्तातले सूक्ष्म परजीवी त्याला बाधत नाहीत, पण स्थानिक जातींना मारक ठरू शकतात. त्याच्या आगमनानंतरच्या पाच वर्षांत दोन ठिपक्यांच्या ढालकिड्याचा आढळ बेल्जियममध्ये ३० टक्के, तर ब्रिटनमध्ये ४४ टक्के घटला.

मूळ प्रदेशात हिवाळा तो कड्यांच्या भेगांत काढतो. शहरात उन्हाकडच्या फिकट भिंती त्याला कड्यांसारख्याच. म्हणून शरद ऋतूत झुंडी खिडक्यांच्या फटींतून घरात शिरतात. तो लाकूड पोखरत नाही, धान्याला लागत नाही, घरात अंडीही घालत नाही. तरी त्याला चिरडू नये : पायांच्या सांध्यांतून उग्र वासाचा पिवळा द्रव स्रवतो आणि पडद्यांवर डाग उरतात. काहींना त्याच्यामुळे सर्दी किंवा दम्याचा त्रास होतो, क्वचित तो चावतोही. फटी आधीच बुजवणे आणि आत आलेले किडे व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेणे हाच सोपा उपाय. कीटकनाशक फवारल्यास मेलेले किडे भिंतींच्या पोकळीत साचतात. द्राक्षांच्या घडांबरोबर भरडला गेला, तर वाइनलाही त्याचा वास लागतो.