वितळणं आणि विरघळणं

‘साखर वितळली का बघ गं,’ असं लिंबू सरबत ढवळताना आपण सहज बोलून जातो. ऐकणाऱ्याला कळतं, सरबतही बिघडत नाही. पण साखर तिथे वितळलेली नसते, विरघळलेली असते. हाच गोंधळ पुढे ‘गरम पाण्याने चरबी वितळते’ इथवर पोचतो, म्हणून मला तो नुसत्या शब्दांचा वाटत नाही.

वितळायला पदार्थ आणि उष्णता एवढंच पुरतं. विरघळायला दुसरा पदार्थ लागतो, आणि त्याचं पहिल्याशी जुळावं लागतं.

फरक बघायचा तर दोन कढया घ्या. एकीत साखर आणि ती बुडेल इतकं पाणी: हा आपला पाक. दुसरीत नुसती साखर, मंद आचेवर. ती आधी कडेने ओलसर दिसू लागते, मग सोनेरी होते, मग तपकिरी. पाकात साखरेचा रेणू अख्खाच असतो. दाट पाक निवांत थंड होऊ दिला की त्यातून खडीसाखरेचे खडे धरतात. कोरड्या कढईतली साखर मात्र १८५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळते आणि वितळता वितळताच तिचे रेणू मोडू लागतात. तो रंग, तो किंचित कडवट वास त्यामुळेच येतो, आणि त्यातून पुन्हा पांढरी साखर मिळत नाही.

मिठाचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. मीठ वितळायला ८०१ अंश लागतात. तरी आमटीत चिमूटभर टाकलं की क्षणात दिसेनासं होतं. ही करामत पाण्याच्या रेणूची. तो सरळ नसतो, १०४.५ अंशांच्या कोनात वाकलेला असतो. ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋण भार, हायड्रोजनच्या बाजूला थोडा धन. मिठातल्या धन भाराच्या सोडियमकडे पाणी ऑक्सिजनची बाजू करतं, ऋण भाराच्या क्लोराइडकडे हायड्रोजनची, आणि एकेकाला घेरून स्फटिकातून बाहेर काढतं.

साखरेच्या रेणूवर असे सुटे भार नसतात. पण त्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचे आठ हायड्रॉक्सिल गट असतात. पाण्याचे रेणू एकमेकांना ज्या हायड्रोजन बंधांनी धरतात, त्याच बंधांनी ते या गटांनाही धरतात. म्हणून खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर मावते, मीठ मात्र ३६ ग्रॅमच. गरम चहात साखर झटकन नाहीशी होते म्हणून ती ‘वितळली’ असं वाटतं. उष्णतेने तिथे विरघळण्याचा वेग तेवढा वाढवलेला असतो.

तुपाचं सगळं उलटं. थंडीतल्या सकाळी बरणीतलं तूप रवाळ, घट्ट असतं. बरणी कोमट पाण्यात ठेवली की ते पातळ होतं. हे खरं वितळणं. पण तेच पातळ तूप पाण्यात ओतलं तर कितीही ढवळा, वर तरंगणारच. तुपाच्या रेणूला कार्बन-हायड्रोजनच्या लांब शेपट्या असतात आणि पाण्याने धरावं असं त्यांच्यावर फारसं काही नसतं. पाण्याचे रेणू मग एकमेकांनाच धरून राहतात आणि स्निग्ध पदार्थ बाजूला पडतो. रश्शावरची लाल तर्री हेच सांगते. तिखटातलं कॅप्सेसिन आणि हळदीतलं कर्क्युमिन तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीत. ठेचा झोंबल्यावर पाण्याने तोंड शांत होत नाही आणि दुधाने बरं वाटतं, ते याच कारणाने: दुधात स्निग्धांश आणि कॅसिन हे प्रथिन दोन्ही असतात.

आता चरबी. माझी मावशी रोज सकाळी मोठ्या श्रद्धेने गरम पाणी पिते, आणि सकाळी पोटात पाणी जाणं चांगलंच. पण शरीराचं तापमान ३७ अंश असतं, आणि त्या तापमानाला आपली चरबी पेशींमध्ये थेंबाच्या रूपात पातळच असते. तिला वितळवायचं काही उरलेलंच नसतं. आणि पाण्यात तर ती विरघळत नाही, मग ते गरम असो वा गार.

ती कमी होते ती तिसऱ्याच वाटेने, रासायनिक क्रियेने. शरीराला ऊर्जा कमी पडली की लायपेज नावाची विकरं (एन्झाइम) चरबीचा रेणू तोडतात. सुटलेली मेदाम्लंही पाण्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन त्यांना वाहून नेतं. स्नायूंमध्ये ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यांचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. १० किलो चरबी अशी पूर्ण जळली तर तिच्यातलं साधारण ८.४ किलो वस्तुमान कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतं आणि उरलेलं १.६ किलो पाणी होतं.

चरबीचं पाणी होतं ते एवढंच, आणि तेही वितळून नव्हे.