८० टक्क्यांची रेघ: लर्निंग कर्व्हचा उगम आणि अंदाज चुकण्याच्या जागा

पहिला नग रडवतो, दहाव्यापर्यंत हात बसतो, हे असेंब्लीच्या कुठल्याही सुपरवायझरला ठाऊक असतं. हात नेमका किती बसतो, हे आकड्यात मांडलं ते विमान कारखान्यांनी. अमेरिकेतल्या कर्टिस कंपनीतले अभियंते टी. पी. राइट (कंपनी पुढे कर्टिस-राइट झाली, पण त्या नावातले राइट वेगळे, हे वेगळे) यांनी १९२२ पासून नगसंख्या आणि खर्च यांचा मेळ तपासायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. एकूण नग दुप्पट झाले की प्रति नग सरासरी मनुष्य-तास आधीच्या ८० टक्क्यांवर येतात. हाच लर्निंग कर्व्ह. लॉग-लॉग कागदावर (दोन्ही अक्षांवर समान अंतर म्हणजे समान पटीची वाढ) ही सरळ रेघ दिसते आणि तिचा घातांक, म्हणजे तिचा उतार, उणे ०.३२२ येतो. विमानाचा सांगाडा म्हणजे तेव्हा बहुतांश हातकाम. ८० हा आकडा त्या कामाचा आहे, हे पुढे अनेकजण विसरले.

आकडा उलटा वाचण्याची चूकही जुनीच. ८० टक्के कर्व्ह म्हणजे ८० टक्के बचत नव्हे. दर दुपटीला २० टक्के घट. ९० टक्के कर्व्ह म्हणजे शिकणं हळू.

खरा घोळ मात्र दुसरीकडे आहे. राइट यांची रेघ सगळ्या नगांच्या सरासरीची. १९४० च्या दशकात लॉकहीडमधले जे. आर. क्रॉफर्ड यांनी तीच रेघ प्रत्येक सुट्या नगाच्या तासांवर बसवली. टक्के तेच, उत्तर वेगळं. पहिल्या नगाला १,००० तास लागले असं धरा. क्रॉफर्डप्रमाणे दुसऱ्याला ८००. राइटप्रमाणे दोघांची सरासरी ८००, म्हणजे बेरीज १,६०० आणि दुसऱ्या नगाच्या वाट्याला फक्त ६००. दहा नगांची बेरीज क्रॉफर्डच्या हिशेबानं ६,३१५ तास, राइटच्या हिशेबानं ४,७६५. टक्क्यांचा आकडा आला एका पद्धतीच्या नोंदींतून आणि तक्ता उघडला दुसऱ्या पद्धतीचा, तर १,५०० हून जास्त तास कागदावरच गायब होतात. म्हणून कुणी "आमचा ८५ टक्के कर्व्ह" म्हणालं की आधी विचारायचं: सरासरीचा की नगाचा?

दुसऱ्या महायुद्धानं या रेघेला सरकारी वजन मिळवून दिलं. सर्वांत जास्त उद्धृत होणारं उदाहरण अमेरिकेच्या लिबर्टी मालवाहू जहाजांचं. अशी २,७१० जहाजं बांधली गेली. पहिल्या ‘पॅट्रिक हेन्री’ला २४४ दिवस लागले, पुढे सरासरी ४२ दिवसांपर्यंत उतरली. नोव्हेंबर १९४२ मध्ये ‘रॉबर्ट ई. पिअरी’ तर साडेचार दिवसांच्या आसपास पाण्यात उतरलं. पण तो प्रचाराचा खेळ होता, मोठमोठे भाग आधीच जोडून तयार ठेवले होते. शिवाय दिवस घटले म्हणजे तासही तितकेच घटले असं होत नाही, जहाजावर माणसंच जास्त लावलेली असू शकतात. पुढच्या संशोधनात दिसलं की शिकण्याच्या खात्यावर जमा केलेल्या सुधारणेचा बराच वाटा गोद्यांमध्ये ओतलेल्या भांडवलाचा होता. घाईत वेल्डिंगचा दर्जाही घसरला. काही जहाजांच्या सांगाड्यांना भेगा गेल्या. आपल्या नोंदीत नवं फिक्स्चर (काम पकडून ठेवणारं साधन) आलेला महिना वेगळा दाखवला नसेल, तर हीच गल्लत छोट्या प्रमाणात आपल्याकडेही होते.

अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेतले अर्थतज्ज्ञ आर्मेन अल्चियन यांनी १९४९ मध्ये युद्धकाळातल्या विमानांच्या नोंदींवर ही रेघ पारखली. अंदाजातली सरासरी चूक सुमारे २५ टक्के निघाली. सात दशकांनंतरही अनेक कोटेशनांत एकच आकडा दशांशापर्यंत लिहिलेला दिसतो, हे नवलच.

१९५७ मध्ये नेदरलँड्सचे डी जोंग यांनी आणखी एक पाचर मारली. यंत्राचा वेळ माणसाच्या सवयीनं कमी होत नाही. ६० मिनिटांच्या कामात निम्मा वेळ यंत्राचा असेल तर ती ३० मिनिटं कायम. ८० टक्के दरानं शंभराव्या नगाला साधं सूत्र १३.६ मिनिटं सांगतं. डी जोंगच्या सूत्रानं ३६.८ येतात. शॉपमधला ढोबळ ठोकताळाही यालाच धरून आहे: तीन चतुर्थांश हातकाम असेल तर ८०, निम्मं-निम्मं असेल तर ८५, तीन चतुर्थांश मशिनिंग असेल तर ९०.

नगातलं कामच बदललं तर रेघ फसते, हे आपल्या जवळच्या उदाहरणावरून कळतं. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं (एचएएल) सुखोई-३० एमकेआय हे लढाऊ विमान आधी आलेले संच जुळवून आणि टप्प्याटप्प्यानं कच्च्या मालापासून बनवलं. अशा कामात नगाचा क्रमांक वाढतो तसं नगात करायचं कामही वाढतं. सगळे नग एकाच रेघेवर मांडले तर शिकणं झाकलं जातं. टप्पा बदलला की नवी रेघ घ्यायची.

शिकलेलं विसरलंही जातं. लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानाचं उत्पादन १९७० च्या दशकाच्या मध्यात रोडावलं आणि नंतरच्या विमानांचे तास घटण्याऐवजी वाढले. एकूण २५० विमानं बनवून ते बंद झालं. उत्पादनातल्या अशा खंडाचा हिशेब कसा करायचा, हे जॉर्ज अँडरलोर यांनी १९६९ मध्येच मांडलं होतं: कामगार, सुपरवायझर, कामाची सलगता, पद्धती आणि खास टूलिंग, या प्रत्येकात किती शिकणं गळालं ते वेगळं ठरवायचं, वजन द्यायचं आणि टक्के काढायचे.

तेच १,००० तासांचं काम क्रॉफर्डच्या ८० टक्क्यांनी पुढे चालवू. अकराव्या नगाला ४६२ तास, विसाव्याला ३८१; या दहांची बेरीज ४,१७०. रजा, खाडे आणि थांबे वजा जाता माणशी महिन्याला १६० तास हाती लागत असतील, तर हे २६ माणूस-महिने. चार महिन्यांत द्यायचे तर सात माणसं. पण सुरुवातीचे नग जड असल्यानं पहिल्या महिन्यात सातांवर ताण येतो.

आता विसाव्या नगानंतर लाइन काही महिने थांबली आणि निम्मी माणसं दुसरीकडे गेली असं समजा. विसाव्यापर्यंत कमावलेलं शिकणं १,००० वजा ३८१, म्हणजे ६१९ तास. त्यातलं ३० टक्के गळालं तर १८६. एकविसाव्याला एरवी ३७५ लागले असते, आता ५६१ लागतील. तक्त्यात जवळपास इतकेच तास (५६२) सहाव्या नगासमोर सापडतात. म्हणजे पुढच्या दहा नगांचे तास २१ ते ३० चे नाही, ६ ते १५ चे धरायचे: ३,५३५ ऐवजी ४,७७३. हा १,२३८ तासांचा फरक ऑर्डर घेतानाच, किती आठवड्यांच्या खंडानंतर लागू होईल या अटीसह कोटेशनमध्ये लिहून ठेवायचा. काम सुरू झाल्यावर मागितला तर खरेदी विभाग पहिला प्रश्न विचारतो: तेच काम, तीच किंमत का नाही?