कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ: तक्रार कुठे, किती दिवसांत द्यायची आणि ती कशावरून परत येते

"साहेबांच्या कानावर घातलं होतं," याचा लैंगिक छळाच्या तक्रारी तपासणाऱ्या समितीपुढे फारसा उपयोग होत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार तक्रार लेखी हवी आणि ती समितीकडेच द्यायला हवी. एचआरला फोन केला, ग्रुपवर मेसेज टाकला, सुपरवायझरशी बोलणं झालं, तरी मुदत थांबत नाही. कित्येक तक्रारींत खऱ्याखोट्याचा प्रश्न येतच नाही, त्या तारखेवर आणि पत्त्यावरच अडतात.

आधी मुदत. घटनेपासून तीन महिने. नोकरी सोडल्यापासून नव्हे, किंवा "मॅनेजमेंटने काही केलं नाही हे कळल्यापासून" नव्हे. त्रास वारंवार होत असेल तर शेवटच्या प्रसंगापासून मोजायचं. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्यासाठी कारण अर्जातच लिहा: आजारपण, धमकी, बदली, जे असेल ते. सहा महिन्यांपुढे समितीचे हात बांधलेले असतात. कोलकात्याच्या एका विद्यापीठातलं प्रकरण सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याच मुद्द्यावर अडलं. नंतर झालेली प्रशासकीय कारवाई म्हणजे छळ चालू राहिला असं न्यायालयाने मानलं नाही. पोलिस तक्रारीला ही तीन महिन्यांची अट नाही. तो मार्ग वेगळा आणि तोही खुला असतो.

तक्रार कोण करू शकतं? कायम, हंगामी, रोजंदारीवरची, ठेकेदाराकडून आलेली, शिकाऊ, बिनपगारी इंटर्न, घरकाम करणारी बाई, अगदी दुकानात आलेली ग्राहकसुद्धा. त्यामुळे "तू आमच्या रोलवर नाहीस" असं कोणी म्हणालं तर ते ऐकून परत फिरू नका. नेमणूकपत्र बहुतेकींकडे नसतंच आणि तक्रारीसाठी ते सक्तीचंही नाही. बँकेत जमा झालेला पगार, ओळखपत्र, हजेरीचा फोटो, ड्युटी लावल्याचे मेसेज, जे असेल ते जोडा.

पत्त्याचा घोळ सगळ्यात मोठा. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती असायलाच हवी आणि तिच्या स्थापनेचा आदेश दर्शनी जागी लावलेला हवा. प्रत्यक्षात तिथे लायसन्स आणि कॅलेंडर दिसतं! समिती नेमली नाही तर मालकाला 50,000 रुपयांपर्यंत दंड होतो. कर्मचारी दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तिची चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करा. जिल्ह्याच्या गावी जाणं जमत नसेल तर तालुक्याला किंवा नगरपालिकेत नोडल अधिकारी असतो. त्याने तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. टेबलावरच्या माणसाला हे ठाऊक नसेल, तरी अर्ज आवक करून शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय उठू नका. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार करता येते.

आता अर्ज. "गेले काही महिने अमुक व्यक्ती मला त्रास देत आहे" एवढ्यावर समिती काय तपासणार? असं लिहा: "दि. 4 मार्च, संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास, गोडाऊनच्या जिन्यात, श्री. अमुक यांनी माझा हात धरला व असे असे शब्द वापरले. खाली पॅकिंगला अमुक ताई होत्या." दुसरा प्रसंग असेल तर तो वेगळ्या परिच्छेदात. शब्द ओंगळ असले तरी जसेच्या तसे लिहा. लाजून "अश्लील बोलले" एवढंच लिहिलं की तक्रार पातळ होते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचंच काम आहे. अर्जाच्या सहा प्रती, सोबत पुरावे, साक्षीदारांची नावं-पत्ते. फी नाही. चॅटचे स्क्रीनशॉट जोडाच, पण मूळ चॅट डिलीट करू नका आणि फोनही विकू नका.

चौकशी चालू असताना बदली किंवा नेहमीच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, मात्र लेखी मागितली तरच. समितीपुढे वकील चालत नाही. समेट फक्त तक्रारदार बाईने मागितला तरच, चौकशीआधी, आणि पैसे घेऊन नाही. "सही कर, विषय संपवू" म्हणणारे भेटतीलच. समेट झाला की पुढे चौकशी होत नाही, म्हणून सहीआधी कागद घरी नेऊन कोणाकडून तरी वाचून घ्या. आणि तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरली असं नाही, हे कायद्यातच लिहिलंय.

समितीने घाई केली तरी नुकसान तक्रारदारांचंच. गोवा विद्यापीठातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये, समितीने बचावाची पुरेशी संधी न देता चौकशी उरकली म्हणून ती नव्याने करायला सांगितलं, आणि ज्यांनी तक्रारी केल्या त्यांची वर्षं वाया गेली. तेव्हा समोरच्याला कागद मिळाले का, म्हणणं मांडायला वेळ दिला का, याची नोंद होतेय ना, हे तुम्हीही बघा.

चौकशी 90 दिवसांत संपायला हवी आणि त्यानंतर दहा दिवसांत अहवाल दोन्ही बाजूंना मिळायला हवा. तो आपणहून क्वचितच हातात पडतो, लेखी मागा. अपिलाचे 90 दिवस समितीच्या शिफारशींपासून मोजतात, ऑफिसने तुम्हाला सवडीने बोलावून सांगितलं त्या दिवसापासून नव्हे.