संदर्भनिर्देश व संदर्भसूची

शोधपत्रिकेकडे प्रसिद्धीसाठी पाठवायच्या निबंधात ज्या ग्रंथांचा, लेखांचा, अहवालांचा वा कागदपत्रांचा आधार घेतलेला असतो, त्यांचा मजकुरात जागच्या जागी केलेला उल्लेख म्हणजे संदर्भनिर्देश आणि त्या साधनांची निबंधाच्या शेवटी दिलेली तपशीलवार यादी म्हणजे संदर्भसूची. विषयासाठी वाचलेली, पण मजकुरात न उल्लेखिलेली पुस्तकेही जिच्यात येतात ती ग्रंथसूची. शोधपत्रिकेला सहसा पहिली हवी असते. दुसरी जोडून यादी लांबवल्याने निबंधाचे वजन वाढत नाही. लेखकाने पाहिलेल्या नेमक्या पानापर्यंत वाचकाला पोचता यावे, हा या खटाटोपाचा हेतू असून स्वल्पविराम कोठे आणि तिरपा ठसा कोठे, हे त्या मानाने दुय्यम आहे. ते ठरवण्याचा अधिकार मात्र सर्वस्वी पत्रिकेचा असतो.

प्रचलित पद्धती ढोबळमानाने तीन प्रकारच्या आहेत. कंसात लेखकाचे आडनाव व वर्ष देण्याच्या पद्धतीचा उगम हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ मधील निबंधात दाखवला जातो. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने १९२९ मध्ये अवघ्या सात पानांत घालून दिलेले आणि आज एपीए म्हणून ओळखले जाणारे नियम याच कुळातले. वैद्यकीय पत्रिकांच्या संपादकांच्या १९७८ मधील बैठकीतून पुढे आलेल्या व्हँकूव्हर पद्धतीत निर्देशांना मजकुरातील क्रमाने आकडे मिळतात, आणि नेरुळ किंवा कामोठ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील पदव्युत्तर विद्यार्थ्याला बहुधा हीच पद्धत भेटते. इतिहास व साहित्य या विषयांत तळटीपांची चाल असून तिचे सर्वांत परिचित रूप १९०६ पासून निघणाऱ्या शिकागो नियमपुस्तिकेत आढळते.

पद्धत कोणतीही असली तरी तपशील घ्यायचा तो पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावरून व त्याच्या मागील पानावरून. वेष्टनावरून किंवा विक्रेत्याच्या संकेतस्थळावरून नव्हे. ठाणे जिल्ह्याच्या इतिहासावर लिहिणाऱ्याला हे लवकर कळते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा ठाण्यावरील तेरावा खंड १८८२ चा, तर महाराष्ट्र शासनाचे सुधारित जिल्हा गॅझेटिअर १९८२ चे. दोहोंमध्ये शंभर वर्षांचे अंतर आणि फरक एका आकड्याचा. टंकलेखनात तो आकडा चुकला की इंग्रजी अमदानीतले विधान स्वातंत्र्योत्तर काळाच्या माथी बसते. शिवाय तेरावा खंड दोन भागांत आहे आणि स्थलवर्णनासाठी चौदावा खंड वेगळा आहे. म्हणून ‘ठाणे गॅझेटिअर, पृ. ६४’ ही नोंद अपुरी ठरते. लेखक-वर्ष पद्धतीने ती ‘कॅम्बेल, जे. एम. (संपा.). (१८८२). गॅझेटिअर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी : खंड १३, ठाणा, भाग १. गव्हर्नमेंट सेंट्रल प्रेस’ अशी होईल. प्रकाशनस्थळ येथे नाही, कारण एपीएच्या २०१९ मधील सातव्या आवृत्तीत ते वगळले जाते. तळटीपेत संपादकाचे नाव सरळ क्रमाने लिहून प्रकाशक व वर्ष कंसात घालतात आणि पानाचा आकडा शेवटी येतो.

‘ठाणा’ हे ‘ठाणे’ करू नये. शीर्षक छापले तसेच राहते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या शासकीय संस्थेची स्थापना १९७० ची आणि तिचा विकास आराखड्याचा मसुदा १९७३ चा. त्याच्या इंग्रजी शीर्षकात ‘न्यू बॉम्बे’ आहे, ते आज कानाला कसेही वाटले तरी नोंदीत ‘नवी मुंबई’ होत नाही. येथे ग्रंथकर्ता व्यक्ती नसून संस्था असल्याने लेखकाच्या जागी सिडकोचे पूर्ण नाव लिहितात. त्याचप्रमाणे २०११ च्या जनगणनेतील ‘ठाणे जिल्हा’ म्हणजे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होण्यापूर्वीचा जिल्हा. हा खुलासा मजकुरात करावा, सूचीतील शीर्षकाला हात लावू नये.

मराठी साधनांचे प्रश्न परदेशी नियमपुस्तिकांनी पुरते सोडवलेले नाहीत, आणि खरी मेहनत येथेच पडते. जुन्या पुस्तकांवर केवळ शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, परंतु जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे लागतात, महिना ठाऊक नसेल तर ‘शके १८१० (इ. स. १८८८–८९)’ असे दोन्ही लिहिणे प्रामाणिकपणाचे होते. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत घोटाळा होतो. पुनर्मुद्रणात मजकूर बदलत नाही, नव्या आवृत्तीत पानेही सरकू शकतात, म्हणून हाती असलेल्या प्रतीचे वर्ष द्यावे आणि मूळ वर्ष जोडीला नोंदवावे. दिवाळी अंकातील लेखाला वर्ष व अंक यांचे क्रमांक सापडले नाहीत, तर ‘दिवाळी अंक’ हे शब्द, साल आणि पृष्ठे एवढ्यावर भागते. टोपणनावांचे धोरण मात्र एकच हवे : कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर यांच्या नावे दोन जागी नोंदी करायच्या असतील, तर एकीकडून दुसरीकडे ‘पाहा’ अशी सूचना पाहिजे.

अकारविल्हे लावणेही वाटते तितके सोपे नाही. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, पण संगणकातील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये त्याची जागा ल च्या शेजारी आहे. त्यामुळे मराठीचा क्रम न शिकवलेली संगणकप्रणाली कालेलकर, काळे, काशीकर अशी यादी लावते. मराठी रिवाजाने काळे हे काशीकरांनंतर यावेत. अशा प्रणालीत क्षीरसागर तर ख च्या आधी, क च्या शेपटाला जाऊन बसतात. पत्रिकेने क्रमाबद्दल काही सांगितले नसेल तर वर्णमालेचा क्रम धरावा व सूची हाताने तपासावी. इंग्रजी पत्रिकेसाठी एपीएनुसार मराठी शीर्षक रोमन लिपीत लिहून त्यापुढे चौकटी कंसात भाषांतर देतात. मराठी पत्रिकेत इंग्रजी नोंदी रोमनमध्ये ठेवायच्या की देवनागरीत, हे संपादकाला आधीच विचारलेले बरे.

तळटीपांतील ‘तत्रैव’ हा शब्द विशेष सांभाळावा. तो लगतच्या आधीच्या टीपेकडे बोट दाखवतो. परीक्षकाच्या सूचनेवरून मध्ये एक नवी टीप घातली की तेच बोट भलत्याच पुस्तकाकडे वळते, आणि ‘तत्रैव’ हाताने टंकलेला असेल तर ही चूक यंत्र ओळखत नाही. आडनाव व संक्षिप्त शीर्षक पुन्हा लिहिणे त्यापेक्षा सुरक्षित. शिकागोच्या अलीकडच्या आवृत्त्यांचाही कल तिकडेच आहे.

झोटेरो (२००६ पासून) किंवा मेंडेली यांसारख्या प्रणाली नोंदी साठवून हव्या त्या पद्धतीत सूची काढून देतात. एका पत्रिकेने निबंध नाकारल्यावर दुसरीसाठी सगळी सूची नव्याने टंकण्याचा त्रास त्यांनी वाचवला आहे, परंतु चुकीची भरलेली नोंद त्या तितक्याच नीटनेटकेपणाने छापतात. २००० पासून वापरात असलेला डीओआय हा लेखाचा कायम क्रमांक उपलब्ध असेल तेथे द्यावाच. तो नसलेल्या आणि मजकूर बदलत राहणाऱ्या संकेतपानासाठी पाहिल्याची तारीख लिहितात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार साधर्म्य, म्हणजे इतरांच्या लेखनाशी जुळणारा मजकूर, मोजताना संदर्भसूची व रीतसर निर्देश केलेली अवतरणे वगळली जातात. त्यामुळे टक्केवारी वाढेल या भीतीने संदर्भ गाळण्याला काही अर्थ नाही.

ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या १८९३ पासूनच्या संस्थेत बसून टिपणे काढणाऱ्याने प्रत परत करण्यापूर्वी शीर्षकपृष्ठाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे आणि प्रत्येक टिपणाशेजारी पृष्ठांक लिहावा. निबंध पाठवण्याआधी छापील प्रतीवर मजकुरातील एकेक निर्देश सूचीत आहे का, ते पेन्सिलीने खूण करीत पाहतात. सूचीत ज्या नोंदींपुढे खूण होत नाही, त्या काढून टाकतात.